मिठाच्या मडक्यातला रिमोट

शुद्धलेखनाच्या चुका होतील, आणि अक्षर म्हणाल तर कुत्र्याचे पाय मांजराला. त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण उद्या कुणाच्या हाती लागलीच तर ऱ्हस्वदीर्घावर हसू नये. ही गोष्ट मी तोंडाने दोनदाच सांगितली आहे आणि दोन्ही वेळा अंगाला घाम फुटला होता. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

तेव्हा आम्ही दोघं आणि आमचं लहानगं पोर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. आमचे हे कंपनीतल्या एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्या वर्षी साहेबांनी मुंबईहून गाडीला रिमोटचं लॉक बसवून आणलं. किल्लीला लटकवलेली एक काळी डबी, काडेपेटीपेक्षा लहान, वर दोन बटणं. बटण दाबलं की डबीवर लाल दिवा लागायचा आणि लांब उभी असलेली गाडी टिंव टिंव करायची. रोह्यात तेव्हा अशी गाडी एखाददुसरीच. डब्या दोन मिळाल्या होत्या, त्यातली एक साहेबांकडून प्रवासात हरवली. राहिलेली ह्यांच्याकडे असे. हे तिला जिवापाड जपायचे. साहेब दौऱ्यावर गेले की गाडी आमच्या खोलीसमोर उभी असायची, आणि हे उगीचच एकदा उघडून बंद करायचे.

चैत्रातल्या एका रविवारी हे मासळी आणायला बाजारात गेले होते. मी ह्यांची पांढरी पँट निरम्यात भिजवून ठेवली होती. रोज खिसे तपासायची, त्या दिवशी नाही तपासले. दगडावर दोनदा आपटल्यावर काहीतरी टणक लागलं. खिशातून किल्ली निघाली आणि तिच्याबरोबर ती डबी. फटीतून साबणाचं पाणी गळत होतं. बटण दाबलं. दिवा लागला नाही.

माझं माहेर धरमतर खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. जन्मापासून मी एक गोष्ट बघत आले होते. खडं मीठ पाणी ओढतं. मासळीतलं ओढतं, कैरीतलं ओढतं. ओला पाय मिठात ठेवला की तळव्याची साल कोरडी होऊन निघते. मग एवढ्याशा डबीतलं पाणी नाही ओढणार? कोपऱ्यात माहेरच्या मिठाचं मडकं होतं. मी डबी पदराने पुसली आणि त्या मडक्यात खोल खुपसून ठेवली. किल्ली खुंटीला अडकवली. हे आले, जेवले, झोपले. तिसऱ्या प्रहरी मी डबी काढली, फुंकली, पुन्हा किल्लीला लावली. बटण दाबायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी ह्यांनी बटण दाबलं आणि गाडी टिंव टिंव बोलली. माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, शाळा नाही शिकले, पण मिठाचं शास्त्र शिकले.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः गाडी घेऊन बायकोमुलांना रेवदंड्याच्या समुद्रावर फिरवून आले. तोवर सगळं ठीक होतं. त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी साहेबांना मुंबईला मीटिंगला जायचं होतं. ह्यांनी कंपनीच्या फाटकासमोर बटण दाबलं, काहीच नाही. किल्लीने दार उघडलं तर गाडी बोंबलायला लागली, आणि बंद करायचं बटण तर मेलेलं. दुसऱ्या शिफ्टची माणसं येत होती. कुणी म्हणालं, आज भोंगा लवकर कसा झाला? शेवटी मेकॅनिकने येऊन भोंग्याची वायर उपटली. साहेबांची मीटिंग चुकली.

"पाडलास ना कुठेतरी? खरं सांग," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

"नाय साहेब. पोराची शपथ, माझ्या हातून पडला नाय."

"शपथा नकोत. रविवारपर्यंत नीट करून आण. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

घरी येऊन ह्यांनी हे सगळं मला सांगितलं. मी भाकरी थापत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. ओठ उघडले आणि मी विचारलं, "चहा ठेवू?"

मग ह्यांची खटपट सुरू झाली. आधी सेल बदलला. बोटाच्या पेराएवढा सेल, रोह्यात मिळेना, एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून मागवला. तो घालून बघितला, दिवा मिणमिणला आणि गेला. गाडीला अगदी चिकटून दाबून बघितलं. हळू दाबलं, जोरात दाबलं, नखाने दाबलं. डबी तळहातावर आपटली. उन्हात ठेवली. मी घरात काम करत होते आणि बाहेरून ती कट कट ऐकत होते. प्रत्येक कट मला पाठीत लागत होती. केर काढलेला पुन्हा काढला. घासलेली भांडी पुन्हा घासली. मिठाच्या मडक्याकडे बघवेना, म्हणून ते तांदळाच्या डब्यामागे सरकवलं.

जेवताना ह्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मीठ संपलं काय गो?"

आमटीत मीठच नव्हतं.

शनिवारी हे पेणला निघाले. तिथे बाजारात एक चाचा घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा भाऊ मस्कतला होता, सुट्टीवर येणारी माणसं तिकडचे रिमोट त्यांच्याकडे घेऊन यायची. मी म्हटलं, मीपण येते, पोराला शेजारी ठेवते, आईला बघून यावंसं वाटतं. खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं. एसटीत मी मनातल्या मनात तेच वाक्य जुळवत होते, आणि पेण आलं तरी ते जुळलं नव्हतं. उतरल्यावर ह्यांना म्हटलं, आईकडे नंतर जाऊ, आधी तुमचं काम.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक स्क्रू काढले, डबीची दोन झाकणं वेगळी केली.

"सेल नवा हाय. बटणं ठीक हायत. पण ह्ये काय?" आतल्या हिरव्या पट्टीवर पांढरा-हिरवा लेप साचला होता. चाचांनी करंगळीने थोडा घेतला आणि जिभेला लावला. मी डोळे मिटले.

"मीठ! काय ड्रायव्हर, गाडी दर्यात घातली व्हती काय?"

हे मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "रेवदंडा! चाचा, साहेबांची पोरं! ती पाण्यात खेळली असणार रिमोट घेऊन. आणि शिव्या मला!"

"मग सांगा त्यांना. मी लिहून देतो पायजे तर."

चाचांनी जुन्या दातांच्या ब्रशला पेट्रोल लावून लेप घासला, खोडरबराने पट्टी पुसली, स्प्रिंगची टोकं खरवडली. लाल दिवा लागला. पण म्हणाले, "तांब्याची रेघ खाल्लीय मिठाने. आज चालंल, उद्याची ग्यारंटी नाय." ह्यांना उद्याची फिकीर नव्हती. माझ्या आईकडे जायचंही विसरले. पहिली रोह्याची गाडी पकडली आणि खिडकीशी बसून साहेबांना काय काय सुनवायचं ते ठरवायला लागले. "पोरांना समोर उभं करा म्हणेन. त्यांना विचारा म्हणेन."

साहेबांची मुलं लहान होती. थोरला सात वर्षांचा असेल. साहेब तापट. मला त्या मुलाचा चेहरा दिसायला लागला. वडखळ गेलं, तोंड उघडेना. नागोठणं गेलं. आता पुढे रोहाच.

"अहो."

"काय गो?"

"पोरांचं सांगू नका साहेबांना."

"का नको? माझी भाकर जात व्हती!"

"ते मीठ रेवदंड्याचं नाय. आपल्या मडक्यातलं हाय."

मग पँट, दगड, मडकं, सगळं सांगितलं. खाली बघून, इतकं हळू की ह्यांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले.  मग म्हणाले, "म्हंजे मी पोराची शपथ खोटी घेतली?"

"नाय. तुमच्या हातून कुठं पडला? तुमची शपथ खरीच हाय."

हे रोहा जवळ आल्यावर म्हणाले, "मिठागरवाल्यांची पोर! बोंबील खारवलेस, कैऱ्या खारवल्यास, आता साहेबाचा रिमोट खारवलास." रागात म्हणाले, पण शेवटाला आवाज फुटला आणि हसू आलं. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मला सीटखाली जावंसं वाटलं.

"आता सांगायचं कुणी?" ह्यांनी विचारलं.

"मी सांगते," मी म्हणाले. कसं म्हणाले, माहीत नाही.

रविवारी साहेबांच्या बंगल्याच्या पायरीशी उभी राहून सांगितलं. साहेबांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, त्यांच्या चपलांना सांगितलं. साहेबांनी रिमोट घेतला. दोन वेळा चालला, तिसऱ्या वेळी नाही.

"इतके दिवस गप्प का राहिलीस?"

"भीती वाटली."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "उद्या साडेआठला ये. मुंबईला जायचंय." फाटकासमोर सगळ्यांदेखत जे बोलले होते त्याबद्दल एक शब्द नाही. पण दुसऱ्या ड्रायव्हरचं पुन्हा कधी निघालं नाही.

नवा रिमोट मुंबईहून आला, साडेसहाशे रुपयांना. बाईसाहेब म्हणाल्या, जाऊ दे, चुकून झालं. मी नाही अशी मान हलवली. ह्यांच्या पगारातून कापू नका, मी देईन, एवढंच बोलले. माहेरून जवळा, सोडे अशी सुकी मासळी आणून घरोघरी विकायला लागले. दारात उभी राहिले की हाक निघायची नाही. टोपली उंबऱ्यावर जरा आपटायची, आवाज ऐकून बायका बाहेर यायच्या. महिन्याला कधी नव्वद, कधी साठ, पावसाळ्यात दोन महिने काहीच नाही. बंगल्याच्या मागच्या दाराने बाईसाहेबांच्या हातात द्यायची.

पुढच्या चैत्राच्या आत शेवटचे पन्नास घेऊन गेले. सगळ्या पाच-पाचाच्या नोटा, सुकटीचा वास मारणाऱ्या. बाईसाहेब न मोजताच ठेवायला निघाल्या.

"मोजून घ्या," मी म्हटलं. ह्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघून.

त्यांनी एकेक नोट मोजली. पन्नास भरले. साडेसहाशे पुरे झाले.