तिसऱ्या यंत्रातली पहिली हालचाल

भोकरदनकडच्या आमच्या गावाखाली अधूनमधून जमीन गुरगुरते. मी जालन्यात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून शाळेत, देवळात आणि आमच्या वावरात कंप मोजणारी तीन यंत्रं ठेवली होती. एकदा मोठा हादरा बसला, भिंती तडकल्या. गाव दारात आलं. "सर, दगडखाणीतला सुरुंगच ना?"

मी नोंदीचा एन्व्हलप काढला, म्हणजे लाटेच्या शिखरांवरून जाणारी, हादरा कसा चढला-उतरला ते दाखवणारी रेषा. ती सुरुंगाच्या रेषेसारखी दिसली. जमीन आधी वर गेली की खाली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फेज, म्हणजे लाट त्या क्षणी चढतेय की उतरतेय ते, बघावी लागते. तीही काढली होती, पण पडद्यावर नुसते करवतीचे दात दिसले, ते उलगडत बसलो नाही. शिवाय खाणीची धूळ माझ्याच कापसावर बसत होती. "खाणीचंच," मी म्हणालो.

खाणमालक शहरात राहतो. गावानं खाणीवरच्या दगडफोड्यांच्या गायरानातल्या झोपड्या मोडल्या.

पुढं वर्गात दाखवायला तीच नोंद घेतली आणि फेज नीट पाहिली. सुरुंग चहूकडे ढकलतो, त्यामुळे सगळीकडे पहिला धक्का वर हवा. तिसऱ्या यंत्रात तो खाली होता. तारा उलट्या लागल्या असतील, अशी मला खरंच आशा वाटली. जुन्या सुरुंगांच्या नोंदी तपासल्या. त्यांत तिन्ही यंत्रं वरच दाखवत होती. म्हणजे तारा ठीक होत्या; हादरा जमिनीचाच होता.

शहागडला रस्त्याकडेला त्या दगडफोड्यांतलं एक कुटुंब सापडलं. मी सगळं सांगितलं. नवरा खडी फोडतच राहिला. बायको म्हणाली, "हाकललं गावासमोर, अन् माफी इथं मागून राह्यले? तिकडं सांगा की."

ग्रामसभेत सांगितलं.

"सर, तुमचं मशीन बी पार्टी बदलतं का?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"देवळातला तुमचा मशीनचा डबा उचला आधी," दुसरा म्हणाला.

"त्यांना परत बोलवा," मी म्हणालो.

सरपंच म्हणाले, "गायरानात जागा न्हाई. लई कळवळा आला आसंल तर ठेवा तुमच्या वावरात."

"ठेवतो."

मग कुणी हसलं नाही. वावर आम्हा दोघा भावांचं आहे. पुढच्या रांगेतून दादा उठला, माझ्याकडं न बघता चप्पल घातली आणि निघून गेला.