चाचांचे शून्य टक्के

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघते. कामगारांना सुरक्षेचे कोर्स आता कॉम्प्युटरवर करावे लागतात. ते त्यांनी केले की नाही, एवढं मी पाहते. मी स्वतः कुणाला काही शिकवत नाही. शिकवते ती कोर्समधली हिंदी बोलणारी बाई. तिचा आवाज गोड आहे आणि तिला कसलीच घाई नसते.

मध्यंतरी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांसाठी नवा कोर्स आला. तो पूर्ण होईपर्यंत मशीनची किल्ली मिळणार नाही, असा नियम निघाला. सगळ्यांचे कोर्स झाले. राहिले एकटे चाचा.

चाचा रत्नागिरीकडचे. माझ्या जन्माआधीपासून आखातात फोर्कलिफ्ट चालवताहेत. ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून मला पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणतात. ते कोर्स शेवटपर्यंत करायचे, परीक्षा द्यायचे, पडद्यावर अभिनंदन उमटायचं. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर बघायचे, तर त्यांच्या नावापुढे शून्य टक्के.

“बाय, मी केलेला गं.”

“हो चाचा. पण इथे दिसत नाही. परत एकदा करता?”

चाचा परत करायचे. परत शून्य.

सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस मस्कतच्या ऑफिसात बसायचा. त्याला फोन केला की तो म्हणायचा, “मॅडम, कॅश क्लिअर करो.” मी ब्राउझरमधला जुना साठा पुसला. मग म्हणाला, ब्राउझर बदला. बदलला. मग म्हणाला, कॉम्प्युटर बदला. तोही बदलला. शेवटी म्हणाला, “हमारे यहाँ तो चल रहा है,” आणि तक्रार सुटली असं लिहून त्याने ती बंद केली.

तोवर चाचांना गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं होतं. त्यांचं मशीन दुसरा एक जण चालवत होता. त्याचा कोर्स पहिल्या झटक्यात पूर्ण झाला होता. त्याने मशीन गोदामाच्या शटरवर ठोकलं. जेवणाच्या हॉलमध्ये चाचांना कुणीतरी ‘नापास’ म्हणालं आणि बाकीचे हसले. हे मला चाचांनी सांगितलं नाही. ते फक्त हॉलमध्ये जेवायचे बंद झाले आणि डबा घेऊन लेबलांच्या टेबलावरच बसायला लागले.

आमचे मॅनेजर ओमानी, स्वभावाने मोकळे. ते म्हणाले, “खलास, तू हातानेच पूर्ण झालं म्हणून टाक.” मला तो अधिकार होता. मी चाचांना विचारलं.

“नको,” चाचा म्हणाले. “मग बोलतील, मॅडमनी पास केलान.”

शेवटी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. काय करतात ते बघू म्हटलं. चाचा बाईच्या आधीच तिची वाक्यं म्हणत होते. “आइए, आगे बढ़ते हैं,” चाचा म्हणाले, आणि मग बाई म्हणाली. निम्मा कोर्स झाला तेव्हा दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली. चाचांनी कोर्स थांबवला, नमाजाला गेले, मग लेबलांच्या टेबलावर डबा खाऊन आले. बाई पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबली होती. चाचांनी बटण दाबलं, तिने अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. पुढे सगळं नीट झालं. परीक्षा, अभिनंदन. मी माझ्या टेबलावर जाऊन पाहिलं. शून्य.

बाकीचे सगळे दुपारनंतर बसायचे आणि एका बैठकीत उरकून टाकायचे. चाचांना कोर्ससाठी सकाळची उशिराची वेळ दिलेली होती. मधे उठणारे ते एकटेच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कोर्स लावला, मधेच थांबवला आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. एक चहा झाल्यावर काही काम नव्हतं म्हणून दुसराही घेतला. परत येऊन कोर्स संपवला. माझंही अभिनंदन झालं. माझेही शून्य टक्के.

मस्कतला फोन केला. तो म्हणाला, अर्धा तास कुणी हात लावला नाही तर सिस्टिम आपोआप लॉगआउट करते. सिक्युरिटी.

“पण कोर्स तर पुढे चालतो.”

“चलता है मॅडम. सेव नहीं होता.”

“तसं पडद्यावर सांगत का नाही?”

तो म्हणाला, हे कुणी विचारलं नव्हतं. ती अर्ध्या तासाची मुदत त्याने माझ्याशी बोलता बोलताच वाढवली. त्याला फार वेळ लागला नाही.

चाचांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे माझं काय चुकत नव्हतं?”

“नाही चाचा.”

“मग ते हॉलमध्ये सांगशील?”

मी गेले. जेवणाची पूर्ण गर्दी असताना उभी राहून, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की दोष सिस्टिमचा होता, चाचा दर वेळी पास झाले होते. एकाने सरकून बाकावर जागा केली, चाचा तिथे बसले.

त्याच दुपारी त्यांनी कोर्स पुन्हा केला. या वेळी एक उत्तर चुकलं. मी विचारलं तर म्हणाले, एवढ्या वेळा बरोबर देऊन काही झालं नव्हतं, म्हणून एक बदलून बघितलं. तरी पास झाले. नावापुढे कोर्स पूर्ण झाल्याचे शंभर टक्के आले. मी त्यांना बोलावून दाखवले. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

“उद्यापर्यंत राहतील?”

“राहतील,” मी म्हटलं.

सकाळी ते मशीनकडे न जाता आधी माझ्याकडे आले. मी कॉम्प्युटर चालू केला, आम्ही दोघांनी पाहिलं, आणि मग ते किल्ली घ्यायला गेले.