योजनावाले काका

सरकारने लहान धंदेवाल्यांसाठी आजवर काढलेली प्रत्येक योजना शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचलेला माणूस महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो बिबवेवाडीत आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. योजना लिहिणाऱ्यांनी तरी त्या इतक्या वाचल्या असतील का, याची मला शंका आहे. काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले, तरी अंगातली कचेरी काही सुटली नाही. उत्तम चकली खाल्ली की आपण "वा!" म्हणतो, काका "नोंदणी केलीत का?" असं विचारतात. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात मेंदी काढायला आलेल्या मुलीला त्यांनी अनुदानाची अशी काही माहिती दिली, की नवऱ्या मुलीचा डावा हात पंगत उठेपर्यंत कोराच राहिला.

अर्ज हल्ली ऑनलाइन असतात हे काकांना मान्य आहे. म्हणून कागद नको, हे मान्य नाही. ते अर्जाचं प्रत्येक पान छापून आणतात, आधी पेन्सिलीने भरतात, मग त्यावरून शाई फिरवतात आणि मग ते कागद घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जातात. "अहो, पेन्सिलीची चूक खोडता येते. तिकडे बटण दाबल्यावर कोणाच्या नावाने खडे फोडणार?"

तळमजल्यावरच्या सुनंदावहिनींच्या यजमानांची नोकरी गेली, तेव्हा या माणसाची खरी किंमत आम्हाला कळली. वहिनींची थालिपिठाची भाजणी सगळ्या सोसायटीत प्रसिद्ध. घर चालवायचं तर आता ती विकायलाच हवी होती, आणि त्यासाठी एक गाळा नि मोठी चक्की हवी होती. काकांनी योजना शोधली आणि बँकेच्या कर्जासाठी बावीस पानी प्रस्ताव तयार केला. पान अकरावर 'व्यवसायातील अडचणी' असं सदर होतं. तिथे त्यांनी लिहिलं, "पुण्यात प्रत्येक घरी स्वतःचीच भाजणी सर्वोत्तम मानली जाते."

"काका, हे कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"खरं आहे म्हणून."

मग मुलाखतीची तालीम. काका जेवणाच्या टेबलामागे बँकेचे मॅनेजर होऊन बसले आणि भूमिकेत इतके रंगले, की वहिनींचा प्रस्ताव त्यांनी तीनदा नामंजूर केला. तिसऱ्यांदा वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका, नाही हो जमणार मला." तेव्हा आतून काकू कडाडल्या, "अहो, तुमच्या खिशातलं जातंय का? देऊन टाका की तिला कर्ज!" काकांनी मोठ्या नाराजीने मंजुरीची सही केली.

खऱ्या मॅनेजरबाईंनी दोनच प्रश्न विचारले. भाजणी टिकते किती, आणि चक्की बसवणार कुठे. कर्ज मंजूर झालं. आम्ही सगळे जिन्यात पेढे खात होतो. काका तेवढे खट्टू. "पान अकरा उघडलंसुद्धा नाही त्यांनी," म्हणाले.

त्यांना जरा हसवावं म्हणून मी विचारलं, "काका, एवढं सगळं येतं, मग स्वतः का नाही काही काढलंत?"

"नोकरीत होतो तोवर धंद्याला मनाई. निवृत्त झालो, तर जिच्यावर डोळा होता त्या योजनेची वयोमर्यादा उलटलेली. वह्या-पेन्सिलींचं एक छोटंसं दुकान, एवढंच होतं हो डोक्यात." एवढं बोलून ते पेढ्याच्या कागदाची नीट चौकोनी घडी घालू लागले. आजवर त्यांची केलेली सगळी थट्टा मला त्या जिन्यात आठवली आणि फार वाईट वाटलं.

वहिनींचं दुकान आता छान चालतं. गल्ल्याशेजारी काकांची खुर्ची असते; भाजणी न्यायला आलेलं माणूस पिशवीबरोबर एखादी योजनाही घरी घेऊन जातं. परवा वहिनींनी कसलासा वार्षिक अर्ज स्वतःच भरला, अर्थात पेन्सिलीने, आणि काकांपुढे तपासायला ठेवला. काकांचं बोट एका रकान्यावर अडलं.

"काम करणाऱ्यांची संख्या दोन? अगं सुनंदा, तुझे यजमान तर नव्या नोकरीला लागले. खोटी माहिती देणं गुन्हा आहे. दुसरं कोण?"

"तुम्ही, काका."

काकांनी खोडरबर उचललं. आकड्यापर्यंत नेलं. मग ते खिशात टाकलं, शाईचं पेन काढलं आणि त्या दोनाच्या आकड्यावरून अगदी सावकाश फिरवलं.