पहिलं दूध

१९४३ साली माणदेशातल्या हरणाबाईची सून अंजना बाळंत झाली. तिचं पहिलं पिवळं दूध सासूनं घाण म्हणून मातीत पिळायला लावलं आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवलं. दुसऱ्या दिवशी बाळाला जुलाब लागले, ते मलूल पडलं.

त्याच सकाळी दारात मेंढी व्याली. हरणाबाईनं ओलं कोकरू लगबगीनं मेंढीच्या सडाला लावलं. "पयल्या दुधाचा चीक पोटात गेला न्हाई तर जगायचं न्हाई ह्ये," ती बोलून गेली.

"आत्याबाई," अंजना हळूच म्हणाली, "मग माज्या लेकराला का न्हाई पाजू दिला?"

हरणाबाईचं तोंड उतरलं. तिनं बाळ सुनेच्या पदराखाली दिलं. दूध अजून पिवळसर होतं.

बाळ तरलं. बारशाला बायका म्हणाल्या, "आजीनंच जगवला नातू." अंजनानं बाळाला पदराखाली घेतलं, आणि हरणाबाईला मान वर करवेना.