शून्य न घेणारा फॉर्म

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात वीज वाचवायची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांना आपापल्या गल्लीचं काम मिळालं. घरोघर जायचं, मागचं बिल बघायचं आणि त्या घराने किती टक्के वीज कमी करायचं ठरवलंय, ते मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायचं. बाबा म्हणाले, मीही येतो. ते मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातून रिटायर झालेले. दुसऱ्यांची मीटरं बघायला मिळणार म्हटल्यावर त्यांना घरी थांबवणं शक्यच नव्हतं.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात चार एसी होते. तिथल्या साहेबांनी गच्चीवरचे शोभेचे दिवे बंद करायचं कबूल केलं आणि फॉर्मने लगेच हिरवी खूण दाखवली. मग आम्ही समोरच्या काकूंकडे गेलो. त्या बालवाडीच्या बाई होत्या, आता एकट्याच राहतात. त्यांचं बिल बाबांनी दोनदा वाचलं. बंगल्याच्या मानाने युनिट नावालाच होते.

"मी काय कमी करू, तूच सांग," काकू म्हणाल्या.

मी शून्य लिहिलं. फॉर्म पुढे सरकेना. पुन्हा लिहिलं, तरी तेच. मोहिमेला बंगला चालत होता, काकू चालत नव्हत्या. मला याची गंमत वाटली आणि थोडी लाजही.

बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. घरात फ्रिज असून एवढे कमी युनिट कसे, हे त्यांना कळेना. काकूंनी चहाचा विषय काढला, पण बाबांनी विचारून फ्रिजचं दार उघडलंच. आत अंधार, कोंदट वास. प्लग काढून ठेवलेला. काकूंच्या इन्सुलिनच्या बाटल्या स्वयंपाकघरात ओली रेती भरलेल्या माठात होत्या, वर भिजवलेलं फडकं.

मग काकूंनी सांगितलं. एका ठरावीक आकड्याच्या आत राहिलं की बिलात सवलत मिळते. त्याच्यावर एक युनिट गेलं तरी ती सगळी जाते. म्हणून वीस तारखेनंतर त्या रोज मीटर बघतात आणि आकडा जवळ आला की महिनाअखेरपर्यंत फ्रिज बंद.

"छूट पूरी जाती है ना, भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या. "मग काय करणार? माठ असतो ना ठंडा."

ही सवलत मी वर्गात शिकवली होती. कमी वापराला बक्षीस, असंच म्हटलं होतं. एप्रिलच्या उन्हात कुणी औषध माठात ठेवत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

बाबांनी प्लग लावला आणि खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसले. बराच वेळ झाला तरी मशीन थांबेना. त्यांनी दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सहज सुटून आली. दाराचं रबर सैल पडलं होतं, थंडावा सगळा बाहेर जात होता. दुसऱ्या दिवशी ते कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुकानातून रबर घेऊन आले आणि दुपारभर बसून त्यांनी ते बसवलं.

मोहिमेच्या बैठकीत मी विचारलं, की जे आधीच कमी वापरतात, त्यांच्यासाठी काय लिहायचं? अधिकारी तरुण होते. त्यांनी मला उडवून लावलं नाही. टक्के मोजायला सोपे पडतात म्हणून तसा फॉर्म केला, असं म्हणाले. मग डायरी उघडत म्हणाले, "ये तो किसी ने पूछा ही नहीं, मॅडम." सवलतीचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं. फॉर्म अजून तसाच आहे.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकूंनी बाबांना मीटर बघायला बोलावलं. मीही गेले. फ्रिज महिनाभर चालू होता आणि आकडा मर्यादेच्या थोडा आतच होता. काकूंनी तो स्वतः दोनदा वाचला, मग आत जाऊन आम्हाला थंडगार ताक दिलं. इन्सुलिन आता फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात होतं.

परतताना बाबांनी मला विचारलं, की ही मर्यादा नेमकी कोण ठरवतं आणि ठरवताना कुणाच्या घरी जाऊन बघतात का. मला माहीत नव्हतं. अजूनही नाही, पण विचारते आहे.