गाय, म्हैस, शेळी, वाघ

"टोलाचा दांडा खाली ठेव."

हेडमास्तर सगळ्या शाळेपुढे म्हणाले. प्रार्थना नुकतीच संपली होती. आमच्या शाळेत लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. सातवीत ज्याचा पहिला नंबर, त्यानं त्यावर टोल द्यायचा. तो नंबर माझा होता. गावच्या गुजर पाटलांची मुलगीसुद्धा माझ्यापुढे कधी गेली नव्हती. मी भिलाटीतली, गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली, अनवाणी, दोन वेण्यांना चिंधी बांधलेली. पण टोल माझा.

मी दांडा खाली ठेवला. का ठेवायचा, ते कळलं नव्हतं.

हेडमास्तरांनी कागद वाचला. "वर्गात पहिली. आणि बुद्धीच्या परीक्षेत शेवटून दुसरी." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं तू नुसती घोकत होतीस. डोकं नव्हतंच."

ही गोष्ट नवं राज्य झालं त्याच्या आगेमागची. धुळ्याहून एक साहेब छापील पुस्तिका आणि घड्याळ घेऊन आले होते. त्यांच्या परीक्षेत जो वर येईल, त्याला शहाद्याच्या वसतिगृहात जागा. जेवणखाण फुकट, पुढे हायस्कूल. मला दुसरी वाटच नव्हती. वसतिगृह नाही, तर पाटलांच्या शेतात कापूस वेचायला जायचं.

पुस्तिकेत चित्रं होती. एक माणूस. कोट, टोपी, हातात छत्री. चित्रात काय राहिलं आहे? मी पुन्हा पुन्हा बघितलं. सगळं होतं. 'काही नाही' असं लिहिलं. त्याच्या पायात जोडे नव्हते म्हणे! अहो, आमच्या भिलाटीत कुणाच्या पायात होते?

पुढे गाय, म्हैस, शेळी, वाघ. वेगळं असेल त्याला गोल करा.

मी म्हशीला गोल केला. विचार करून केला. गाय आमच्या दारात होती. शेळी होती. वाघ तर देव. दर वाघबारशीला आम्ही डोंगराच्या पायथ्याशी मामाच्या गावी जायचो. तिथं शेंदूर लावलेला वाघदेव आहे. गुरं राखणारे सगळे त्याच्यापुढे नारळ ठेवायचे, आमच्या गुरांना सांभाळ म्हणायचे. तिघंही आमच्यातलीच. म्हैस मात्र भिलाटीत एकाही घरी नव्हती. म्हैस पाटलांची. माझी माय तिचं शेण काढायची, दूध पाटलांच्या घरात जायचं.

साहेबांनी एक कोरी पुस्तिका शाळेत ठेवली होती. हेडमास्तरांनी ती उघडली आणि तिथंच, सगळ्यांपुढे विचारलं, "सांग. यात वेगळं कोण?"

"म्हैस."

"ऐका! हिच्या भिलाटीत वाघ गोठ्यात बांधतात वाटतं!"

सगळी शाळा हसली. ज्यांना प्रश्न कळला नव्हता ती बारकी पोरंही हसली. भिलाटीतली पोरंसुद्धा हसली. ते जास्त लागलं. दांडा पाटलांच्या मुलीला दिला. तिनं टोल दिला तेव्हा माझ्या कानशिलात वाजला.

घरी मायनं विचारलं, "तुले काय इचारं त्यास्नी?"

मी सांगितलं.

"मंग, म्हैस आपली शे का? बराबर लिखं तू."

मला मायचाच राग आला. हिला काय कळतंय, असं वाटलं. कारण हेडमास्तरांचं मला खरं वाटलं होतं. साहेबांनी घड्याळ लावून मोजलंय, त्यात चूक कशी असेल? जिल्ह्याच्या माणसानं सांगितलंय, मला डोकं नाही.

ते खूळ मग डोक्यातून जाईना. मी कापूस वेचायला लागले. वेचताना पाढे म्हणायचे. बरोबर आले की मनात कुणीतरी म्हणायचं, हे तर पाठ आहे, यात तुझं काय? कुणी साधं विचारलं, प्रकाशा गावाला कुठल्या वाटेनं जायचं, तरी तोंड उघडत नव्हतं. वाट माहीत होती. तरी वाटायचं, चुकेल. पाटलांच्या गोठ्यात शेण भरताना म्हैस वळून बघायची. मी तिला म्हणायचे, तूच गं माझं वाटोळं केलंस. ती आपली रवंथ करायची.

पुढच्या वर्षी हेडमास्तर स्वतः शेताच्या बांधावर आले. वरून विचारणा झाली होती, भिलाटीतलं एकही पोर वसतिगृहात का नाही? साहेब पुन्हा येणार होते. पुस्तिका तीच.

त्यांनी पिशवीतून शाळेत ठेवलेली ती पुस्तिका काढली. प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं उत्तर लिहिलेलं होतं.

"ही पाठ कर. तुझी जागा पक्की."

"गुरुजी, म्हणजे घोकायचं?"

"शहाणपणा नको करू. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

मी घेतली. पाठ केली. वसतिगृह हवं होतं मला, का नको असेल? त्यासाठी जीव तुटत होता.

परीक्षेला बसले. कोट घातलेल्या माणसाचं चित्र आलं. पुढं गाय, म्हैस, शेळी, वाघ. उत्तर येत होतं. पेन्सिल वाघावर नेली आणि हात थांबला. मला मायचं आठवलं. म्हैस आपली शे का? मी खुळी नव्हते. माय खुळी नव्हती. वर्षभर मी स्वतःला मूर्ख म्हणत शेण काढलं, आणि हाच हेडमास्तर मला आता घोकायला सांगतोय! अंगाची लाही लाही झाली.

मी म्हशीला गोल केला. दाबून केला.

हेडमास्तर मागून फिरत होते. त्यांच्यानं राहवलं नाही. "अगं, वाघ! वाघ सांगितला होता ना तुला!"

सगळ्यांनी माना वर केल्या. साहेबांनी घड्याळ खाली ठेवलं. "सांगितला होता?"

मी उभी राहिले. या वेळी तोंड उघडलं. "हो. सगळीच सांगितली. मला पाठ आहेत. पण ती त्यांची उत्तरं. मन्हं उत्तर म्हैस शे."

शाळेची भाषा त्या वेळी तोंडात आलीच नाही.

साहेबांनी मला 'का' असं विचारलं नाही. माझी पुस्तिका ओढून घेतली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि बाहेर जायला सांगितलं. हेडमास्तरांना कुणी काही बोललं नाही. वसतिगृह गेलं.

बाहेर लिंबाखाली दांडा पडला होता. मी उचलला आणि रुळावर हाणला. दणादण हाणला. शाळा सुटली समजून पोरं पाट्या घेऊन पळत सुटली.

मी त्याच आठवड्यात शहाद्याला मावशीच्या झोपडीत गेले. कापसाच्या जिनात सरकी उपसली आणि हायस्कूल केलं. कसं केलं ते मलाच माहीत. आजही कुणी घड्याळ लावून कागद पुढे ठेवला की तळहाताला घाम येतो, आणि तो चष्मा वरून बघतो. तो माझ्या मरणापर्यंत बघणार.

बघू दे. जो माझ्या माणसांना मोजायला येईल, त्यानं आधी आमच्या दारात यावं. आमचं काय आहे आणि आमचं काय नाही, ते बघावं. मग विचारावं. तसं न बघता काढलेला आकडा मी मानणार नाही, आणि माझ्या एकाही पोरीला मानू देणार नाही. विचारा पुन्हा. म्हैस.