बोटं आखडली तेव्हा

डावा डोळा लवायला लागला तेव्हा मी खुशीत होते. बाईचा डावा डोळा लवणं शुभ. खुटबावातल्या आमच्या आळीतल्या बायकाही म्हणाल्या, "काहीतरी चांगलं कानावर येणार बघा." दोन महिने गेले. चांगलं काही आलं नाही, पोटऱ्यांत गोळे तेवढे यायला लागले. मग एका सकाळी धार काढताना उजव्या हाताची बोटं आखडली ती उघडेचनात.

आमची गाय माझ्याशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नाही, माझ्या लेकालाही लाथ मारते. याचा मला फार तोरा, खोटं कशाला बोलू! आता हातच गेला तर माझं उरलं काय? गोठ्यातच बसून रडले मी.

सून कुरकुंभला औषधांच्या कंपनीत गोळ्या तपासायच्या कामाला आहे. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण तिचं कौतुक म्हणून मी कधी केलं नव्हतं.

तिनं विचारलं, "आत्या, ती ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय?"

"रोज चहाआधी एक. झाली असतील चार-पाच वर्षं. का गं?"

"लई वर्षं घेतली की अंगातलं मॅग्नेशियम कमी होतंय. डोळा, गोळे, बोटं, समदं त्यानंच असंल. गोळीबरोबरच्या चिठ्ठीत लिव्हलेलं असतंय, कुणी वाचत न्हाई."

"गोळ्या तुम्हीच करायच्या, आन् सोडा म्हणून तुम्हीच सांगायचं व्हय!" मी फणकारले.

ती हटली नाही. रजा टाकून दौंडला घेऊन गेली आणि डॉक्टरांना मॅग्नेशियम तपासायला लावलं. ते पार खाली गेलेलं निघालं. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी बदलली, मॅग्नेशियम सुरू केलं, जेवणाचंही विचारलं. मी पालेभाजी-भाकरी टाळून चहा-बिस्किटावर दिवस काढते, हे सुनेनं लगेच सांगून टाकलं. चहाडखोर कुठली!

काही आठवड्यांनी पुन्हा गाईखाली बसले. बोटं चालली ती बादली भरेपर्यंत थांबली नाहीत. दूध घालायला डेअरीवर गेले, तर बायका विचारायला लागल्या, "कुणाच्या औषधानं उतार पडला?"

"औषध डॉक्टरांचं. पर दुखणं वळखलं माझ्या सुनंनं!" म्हणताना छाती नुसती फुगली होती.

सून मागंच उभी होती, ते मला ठाऊक होतं. म्हणून तर एवढ्या मोठ्यानं बोलले.